ओएसपीएफमध्ये रूट समरायझेशन: आळंदीचा पिनकोड काय शिकवतो

नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही काढलाय. आज आकडे बरेच आहेत, त्यामुळे ऐकण्यापेक्षा वाचणाऱ्यांची थोडी जास्तच सोय होईल.

आजचा विषय आहे ओएसपीएफमध्ये एका एरियातले रूट दुसऱ्या एरियाला सांगताना ते गुंडाळून सांगणं, म्हणजे समरायझेशन. परीक्षेसाठी हा विषय सगळे पाठ करतात. दोन कमांड लिहिल्या की मार्क मिळतात. पण प्रत्यक्ष कारखान्याच्या नेटवर्कमध्ये ह्याच दोन कमांड कधी वाचवतात आणि कधी बुडवतात, हे आज बघूया.

उदाहरण आपल्याच पट्ट्यातलं घेऊ. समजा एक कंपनी आहे. मुख्य ऑफिस आणि सर्व्हर रूम भोसरीला, मोठा प्लांट चाकण एमआयडीसीत, आणि एक छोटं ट्रेनिंग सेंटर आळंदीला. कंपनी काल्पनिक आहे, पण असा पसारा असलेल्या कितीतरी कंपन्या तुम्हाला या रस्त्यावर दिसतील. भोसरी आपला बॅकबोन, म्हणजे एरिया ०. चाकण एरिया १. आळंदी एरिया २.

आधी लिंक-स्टेट म्हणजे काय, थोडक्यात

जुन्या पद्धतीत राउटर शेजाऱ्याला विचारायचा, "अमुक नेटवर्क किती लांब?" शेजारी सांगेल ते खरं मानायचं. ऐकीव माहितीवर संसार. लिंक-स्टेटमध्ये तसं नाही. इथे प्रत्येक राउटर स्वतःच्या लिंकची माहिती सगळ्यांना वाटतो, आणि प्रत्येकाकडे पूर्ण नकाशा तयार होतो. त्या नकाशावर डायक्स्ट्राने १९५९ साली मांडलेलं गणित चालवायचं आणि सगळ्यात जवळचा रस्ता काढायचा. अर्पानेटने १९७९ मध्ये ही पद्धत घेतली. ओएसपीएफचा पहिला मसुदा १९८९ चा, आणि आज आपण जी दुसरी आवृत्ती वापरतो तिचं प्रमाण दस्तऐवज म्हणजे जॉन मॉय यांनी लिहिलेला आरएफसी २३२८, एप्रिल १९९८.

नकाशा सगळ्यांकडे सारखा असतो, हीच या पद्धतीची ताकद आणि हाच तिचा खर्च. एक लिंक पडली की बातमी सगळीकडे जाते, आणि प्रत्येक राउटर गणित पुन्हा मांडतो. लिंक एकदाच पडली तर काही वाटत नाही. पण ढिल्या कनेक्टरमुळे ती दर दहा सेकंदांनी पडत-उठत असेल तर? मग सगळं नेटवर्क दर दहा सेकंदांनी पाटी पुसून नव्याने लिहीत बसतं.

यावर उपाय म्हणून एरिया आले. नकाशा एरियापुरता ठेवायचा. चाकणचा नकाशा चाकणला, आळंदीचा आळंदीला. दोन्हीकडे पाय असलेला जो राउटर, तो एरिया बॉर्डर राउटर. आपण त्याला एबीआर म्हणू.

सगळ्यात मोठा गैरसमज

बरेच जण समजतात की एरिया पाडले म्हणजे समरायझेशन झालंच. नाही झालं!

एबीआर काय करतो? चाकणच्या आतला नकाशा तो बाहेर देत नाही, हे खरं. पण आतली नेटवर्क्स एक-एक करून बाहेर सांगतो. प्रत्येक नेटवर्कसाठी एक टाइप ३ एलएसए. चाकणला ८ नेटवर्क्स असतील तर ८ एलएसए, ८०० असतील तर ८००. आणि गंमत बघा, आरएफसीत या टाइप ३ चं नाव आहे "समरी एलएसए". नावातच समरी आहे, त्यामुळे माणूस फसतो. इथे "समरी" म्हणजे नकाशाचा सारांश. पत्त्यांचा सारांश तुम्ही सांगितल्याशिवाय होत नाही.

मग चाकणचं एक नेटवर्क पडलं की एबीआर त्याचा टाइप ३ मागे घेतो. ही बातमी भोसरीला जाते, तिथून आळंदीला जाते. आळंदीचे राउटर पूर्ण गणित पुन्हा मांडत नाहीत, तेवढ्या एका रूटचाच हिशोब करतात. तरी बातमी पोचतेच, आणि टेबल बदलतंच. चाकणच्या एका मशीनपाशी स्विच खराब झालाय, याच्याशी आळंदीच्या ट्रेनिंग सेंटरचा संबंध काय? काहीच नाही. तरी तिथल्या राउटरला काम लागलं.

टपाल खात्याने हे १९७२ मध्ये केलं

आता जरा वेगळीकडे जाऊ. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. तो आखण्याचं श्रेय जातं श्रीराम भिकाजी वेलणकर यांना. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. मराठी माणूस, बरं का.

अडचण काय होती? एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या भाषांत आणि लिपींत लिहिलेले पत्ते. आपल्याच जिल्ह्यात बघा ना, आळंदी दोन. आपली देवाची आळंदी खेड तालुक्यात, आणि दुसरी म्हातोबाची, जिला पूर्वी चोराची म्हणायचे, ती हवेलीत. नुसतं "आळंदी" लिहिलं तर पत्र जाणार कुठे?

देवाच्या आळंदीचा पिन ४१२१०५. यातला पहिला आकडा ४ म्हणजे पश्चिमेचा विभाग: महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले दोन आकडे मिळून उपविभाग. पहिले तीन, म्हणजे ४१२, मिळून सॉर्टिंग जिल्हा. शेवटचे तीन आकडे नेमकं पोस्ट ऑफिस सांगतात.

आता दिल्लीतल्या सॉर्टरचा विचार करा. त्याला आळंदी कुठे आहे हे माहीत असायची गरज आहे का? मुळीच नाही. तो ४ बघतो आणि पत्र या दिशेच्या पिशवीत टाकतो. जसजसं पत्र जवळ येतं, तसतसे पुढचे आकडे वाचले जातात. आळंदीचा पोस्टमन आज रजेवर असेल, तर दिल्लीच्या सॉर्टरच्या कामात काडीचाही फरक पडत नाही. समरायझेशन म्हणजे हेच! लांबच्याला थोडं सांगायचं, जवळच्याला सगळं सांगायचं.

अजून एक मजा. ४० ते ४४ हे आकडे महाराष्ट्राचे. पण ४०३ गोव्याचा. म्हणजे "४० म्हणजे महाराष्ट्र" असा मोठा नियम, आणि त्याच्या पोटात "४०३ असेल तर गोवा" असा बारीक नियम. दोन्ही लागू पडत असतील तर बारीक नियम जिंकतो. राउटरसुद्धा अगदी हेच करतो. जास्तीत जास्त आकडे जुळणारा रूट जिंकतो, मग त्याची कॉस्ट कितीही असो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच एक खड्डा आहे.

आता हिशोब

चाकणला आपण ८ नेटवर्क्स दिली: १०.२०.१६.०/२४ पासून १०.२०.२३.०/२४ पर्यंत. तिसरा आकडा बायनरीत लिहू.

१६ म्हणजे ०००१००००
२३ म्हणजे ०००१०१११

पहिले पाच बिट दोन्हीकडे सारखे: ०००१०. मधल्या सगळ्यांचेही तेच. पत्त्याच्या पहिल्या दोन आकड्यांचे १६ बिट आणि हे ५, झाले २१. म्हणून समरी १०.२०.१६.०/२१. आठ ओळींची एक ओळ झाली.

आळंदीला ४ नेटवर्क्स: २४, २५, २६, २७. इथे पहिले सहा बिट जुळतात, म्हणून १०.२०.२४.०/२२.

कमांड एबीआरवर द्यायची, आणि ज्या एरियातले पत्ते आहेत त्या एरियाचा नंबर द्यायचा. सिस्कोच्या भाषेत चाकणच्या एबीआरवर असं: एरिया १ रेंज १०.२०.१६.० २५५.२५५.२४८.०. एरियाच्या आतल्या राउटरवर ही कमांड देऊन काही होत नाही, कारण एरियाच्या आत सगळ्यांकडे नकाशा सारखाच असायला हवा.

आता एक चूक बघा. कुणीतरी म्हणालं, "मला सलग चार हवेत, ३० ते ३३ द्या." सलग आहेत, म्हणजे गुंडाळता येतील असं वाटतं. पण ३१ हा ०००११११११ नाही, नीट लिहू: ०००१११११. आणि ३२ म्हणजे ००१०००००. पहिले दोनच बिट जुळले! एकच समरी करायची तर १०.२०.०.०/१८ करावी लागेल, म्हणजे चार नेटवर्कसाठी चौसष्ट नेटवर्कचा दावा. त्यात चाकण आणि आळंदीही आले. त्यापेक्षा ३०-३१ ची एक आणि ३२-३३ ची एक, अशा दोन स्लॅश २३ समऱ्या कराव्यात. नियम साधा आहे: चारचा गट ४ ने भाग जाणाऱ्या आकड्यापासून सुरू करा, आठचा ८ ने भाग जाणाऱ्या आकड्यापासून.

मिळालं काय?

आता चाकणला १०.२०.२२.० दर दहा सेकंदांनी पडतंय-उठतंय. चाकणचे राउटर दमतील. पण भोसरीला फक्त /२१ दिसतोय, आणि त्यातलं एक जरी नेटवर्क जिवंत असेल तोवर /२१ जागेवर राहतो. आळंदीला तर पत्ताच नाही.

उलट दिशेनेही विचार करा. कार्तिकी एकादशीच्या आसपास आळंदीचे रस्ते वाहनांना बंद असतात. त्या दिवसांत आळंदीची एखादी लिंक खराब झाली तर माणूस तिथे पोचायलाच किती वेळ लागेल! तेवढा वेळ ती लिंक फडफडत राहणार. अशा वेळी तिचा त्रास आळंदीतच थांबला, आणि चाकणच्या असेंब्ली लाइनच्या राउटरना त्याची झळ लागली नाही, तर समरायझेशनचे पैसे वसूल.

एक बारीक मुद्दा मात्र आहे. समरीला कॉस्ट कुठली द्यायची? आतल्या आठ नेटवर्क्सच्या कॉस्ट वेगवेगळ्या. आधीच्या आरएफसी १५८३ प्रमाणे त्यातली सगळ्यात कमी घ्यायची, आरएफसी २३२८ प्रमाणे सगळ्यात जास्त. आता ती कॉस्ट ज्या नेटवर्कमुळे आली तेच फडफडायला लागलं, तर समरीची कॉस्ट बदलत राहते आणि बातमी पुन्हा बाहेर गळते. म्हणून अनेक राउटरवर रेंजच्या कमांडमध्येच ठरावीक कॉस्ट लिहिता येते. ती लिहा. शिवाय सगळे राउटर एकाच कंपनीचे नसतील तर कोण कुठला नियम पाळतो ते तपासा.

आता खड्डे

समरी म्हणजे एक प्रकारचं आश्वासन आहे. चाकणचा एबीआर जगाला सांगतोय, "१६ ते २३, सगळं माझ्याकडे पाठवा." त्यातलं एखादं नेटवर्क मेलेलं असलं तरी तो हेच सांगतोय. या आश्वासनातूनच तिन्ही खड्डे तयार होतात.

पहिला खड्डा: लूप. १०.२०.२२.० बंद पडलंय. भोसरी /२१ बघून पॅकेट चाकणला पाठवते. चाकणच्या एबीआरकडे आता २२ नाही. पण त्याच्याकडे इंटरनेटसाठी भोसरीकडे जाणारा डीफॉल्ट रूट आहे. तो पॅकेट परत भोसरीला पाठवतो. भोसरी पुन्हा चाकणला. चेंडूसारखं पॅकेट इकडून तिकडे, टीटीएल संपेपर्यंत. हे टाळायला एबीआर स्वतःच्या टेबलात समरीएवढाच एक "टाकून द्या" रूट ठेवतो. सिस्कोवर तो नल ० कडे जाताना दिसतो. आरएफसी २३२८ मध्येही तो ठेवायला सांगितलंय. टेबलात हा रूट पहिल्यांदा दिसला की नवखा इंजिनिअर घाबरतो, "आपलं ट्रॅफिक कचऱ्यात चाललंय!" नाही हो. जे नेटवर्क जिवंत आहे त्याचा /२४ रूट जास्त बारीक आहे, तोच जिंकणार. मेलेल्यांसाठीच हा कचऱ्याचा डबा आहे. त्याला हात लावू नका.

दुसरा खड्डा: दोन एबीआर, एकावरच कमांड. चाकणला राखीव म्हणून दोन एबीआर ठेवलेत. एकावर रेंज दिली, दुसऱ्यावर द्यायची राहिली. पहिला /२१ सांगतोय, दुसरा आठ /२४ सांगतोय. कोण जिंकणार? मघाचा गोव्याचा नियम आठवा. बारीक जिंकतो. सगळं ट्रॅफिक दुसऱ्या एबीआरकडे, मग त्याची लिंक कमी क्षमतेची असली तरी. पहिला मोकळा बसून राहतो. सगळं चालू असतं, कुठलाही अलार्म वाजत नाही, फक्त लोक म्हणतात, "आज नेटवर्क स्लो आहे." म्हणून एरियाच्या प्रत्येक एबीआरवर तीच रेंज, तशीच.

तिसरा खड्डा सगळ्यात वाईट: एरिया मधोमध तुटणं. समजा चाकणच्या प्लांटच्या एका टोकाला पहिला एबीआर, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि मधे एकच फायबर. जेसीबी आला आणि फायबर गेली. आता १६ ते १९ पहिल्या बाजूला, २० ते २३ दुसऱ्या बाजूला. समरी नसती तर काय झालं असतं? पहिल्याने आपली चार नेटवर्क्स सांगितली असती, दुसऱ्याने आपली चार, आणि बॅकबोनने प्रत्येक पॅकेट बरोबर बाजूला पाठवलं असतं. पण समरी आहे. दोघांकडे अर्धी-अर्धी नेटवर्क्स जिवंत आहेत, म्हणून दोघेही छातीठोकपणे /२१ सांगतायत. बॅकबोन जो जवळचा वाटेल त्याच्याकडे पाठवणार. २१ चं पॅकेट पहिल्या एबीआरकडे गेलं की मघाच्या कचऱ्याच्या डब्यात जाणार. अर्धा प्लांट बंद, आणि भोसरीतून बघितलं तर रूट हिरवागार!

हे आरएफसीलाही माहीत होतं. तुटलेल्या एरियातही रूटिंग पूर्ण चालू हवं असेल, तर एक रेंज दोन तुकड्यांत विभागली जाता कामा नये, असं तिथे लिहिलंय. उपाय दोन. एक, दोन एबीआरच्या मधे त्याच एरियातली स्वतंत्र लिंक टाका, आणि तिचा मार्ग पहिल्या फायबरपेक्षा वेगळा ठेवा. एकाच चरातून दोन केबल नेल्या तर जेसीबी दोन्ही घेऊन जाईल. दोन, पत्तेच बाजूप्रमाणे वाटा: १६ ते १९ एका टोकाला, २० ते २३ दुसऱ्या टोकाला, आणि एका /२१ ऐवजी दोन /२२ समऱ्या करा. मग एरिया तुटला तरी प्रत्येक एबीआर आपल्या बाजूचंच आश्वासन देईल. ओळ एकाऐवजी दोन झाली, एवढीच किंमत.

खरं काम कागदावर

आता परत पिनकोडकडे. भोसरी ४११०३९. चाकण ४१०५०१. आळंदी ४१२१०५. तिन्ही गावं शेजारी-शेजारी, चाकण आणि आळंदी तर एकाच खेड तालुक्यातली. पण पहिले तीन आकडे? ४११, ४१०, ४१२. तीन गावं, तीन सॉर्टिंग जिल्हे. "आळंदी आणि चाकण" असा एक गट तुम्हाला तीन आकड्यांत करता येत नाही. ४१ म्हणावं तर त्यात सोलापूरपासून साताऱ्यापर्यंत सगळे आले. टपाल खात्याला हे चालतं, कारण त्यांनी आकडे टपालाच्या वाटांप्रमाणे दिले. नकाशावर जवळ असणं वेगळं, आकड्यांत जवळ असणं वेगळं.

नेटवर्कमध्ये एरिया आखणारा एक माणूस असतो आणि पत्ते वाटणारा दुसरा. दोघांनी एकमेकांशी बोललं नाही तर समरी होऊच शकत नाही, राउटर कितीही महागाचा असो. समरायझेशनचं यश-अपयश पत्ते वाटले त्या दिवशीच ठरलेलं असतं.

आपलंच उदाहरण घ्या. चाकणला १६ ते २३ दिलं आणि लगेच २४ पासून आळंदीला. आज छान. उद्या चाकणला नवीन शेड उभी राहिली, नववं नेटवर्क हवं. आता ते कुठून आणणार? आळंदीचं २७ रिकामं आहे म्हणून ते चाकणला दिलं, तर चालेल, चाकण १०.२०.२७.०/२४ वेगळं सांगेल आणि बारीक नियम म्हणून तेच जिंकेल. गोव्याच्या ४०३ सारखा अपवाद. पण एक अपवाद झाला. मग दुसरा, मग पाचवा. अशाने दोन वर्षांत समरी नावालाच उरते.

म्हणून वाढणाऱ्याला जागा सोडा. चाकणला सुरुवातीलाच १६ ते ३१, म्हणजे १०.२०.१६.०/२० राखून ठेवायचं, वापर आज आठचाच असला तरी. आळंदीला ३२ ते ३५, म्हणजे १०.२०.३२.०/२२. दहाच्या रेंजमध्ये पत्त्यांची काही टंचाई नाहीये, कंजुषी कशाला?

कधी करू नये?

सगळं मिळून वीस-पंचवीस नेटवर्क्स, स्थिर लिंक, आणि एरियात दुसरा रस्ता नाही, अशी परिस्थिती असेल तर समरी न करणंच बरं. आजच्या राउटरला पंचवीस रूट म्हणजे काहीच नाही. सगळं स्पष्ट दिसतंय, तर झाकायचं कशाला? समरी तेव्हा करा जेव्हा एका ठिकाणचा गोंधळ दुसऱ्या ठिकाणी जाऊ न देण्याची खरी गरज असेल.

जाता जाता एक गृहपाठ. तुमच्या नेटवर्कमध्ये कुठल्या तरी एबीआरवर रेंज दिलेली असेलच. उद्या ती शोधा आणि तीन गोष्टी बघा. त्या एरियाच्या बाकीच्या एबीआरवरही तीच रेंज आहे का? टेबलात नल कडे जाणारा रूट आहे का? आणि एरियाचं चित्र कागदावर काढून कुठलीही एक लिंक खोडा: एरियाचे दोन तुकडे होतायत का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं, तर जेसीबीच्या आधी तुम्ही तिथे पोचा.

पुढच्या भागात ओएसपीएफच्या बाहेरून येणारे रूट कसे गुंडाळायचे ते बघू. ती कमांड वेगळी, जागा वेगळी आणि खड्डेही वेगळे. तोवर काळजी घ्या, भेटूच.